विमान कंपनीच्या कॅडेट पायलट प्रोग्रॅमला अर्ज करायचा आहे : जाणकारांनी मार्गदर्शन करावे

गोदाकाठ | ९ जून, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

लेक यंदा बारावी सायन्स झाली. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हींत सत्तरच्या पुढे आहे. सातवी-आठवीपासून तिचा एकच धोशा आहे, पायलट व्हायचं. वय वाढेल तसं हे मागे पडेल असं आम्हाला वाटायचं, पण ते वाढतच गेलं. आता तिने स्वतःच बसून तीन-चार विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅमची, म्हणजे कंपनीच मुलं निवडून त्यांना पायलटचं प्रशिक्षण देते त्या योजनांची, माहिती काढली आहे आणि अर्ज भरायचा म्हणते आहे.

आम्ही नाशिकचे. मी शाळेत शिक्षिका, हे सातपूरला कंपनीत. विमानात बसलोय ते फक्त प्रवासी म्हणून. खर्चाचा आकडा कोटीच्या घरात आहे. राहतं घर तारण ठेवल्याशिवाय तो उभा राहणार नाही. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या पैशांत मुलगी डॉक्टर होईल. लेक म्हणते, मला डॉक्टर व्हायचंच नाही.

मला समजून घ्यायचंय की कॅडेट प्रोग्रॅम म्हणजे नोकरी पक्की असते का? की आधी साध्या फ्लाइंग स्कूलमधून लायसन्स काढून मग नोकरी शोधणं बरं? निवड नेमकी कशी होते? आणि चष्मा चालतो का? तिला दीडचा नंबर आहे. जे या वाटेने गेलेत त्यांनी कृपया स्पष्ट लिहा. गोड बोलणारे एजंट आम्हाला भरपूर भेटले आहेत.

---

मोगरा_फुलला | ९ जून, रात्री १०:१५

लेकीचं अभिनंदन! माझ्या भाच्याचंही हेच चाललंय. वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

---

उजवी_सीट | ९ जून, रात्री ११:५०

ताई, मी एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे आणि कॅडेट प्रोग्रॅममधूनच आलोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण जे लिहितोय ते जवळपास सगळ्याच प्रोग्रॅमना लागू आहे.

सगळ्यात आधी मेडिकल. अर्ज, फी, क्लास, कर्ज हे सगळं त्याच्या नंतर. डीजीसीएचं, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, क्लास २ मेडिकल त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे होतं, नाशिक-पुणे-मुंबईत सहज मिळतील. तो रिपोर्ट लागला की लगेच क्लास १ साठी तारीख घ्या. पहिल्यांदाचं क्लास १ म्हणजे हवाई दलाची केंद्रं, दिल्लीचं एएफसीएमई किंवा बंगळुरूचं आयएएम. शिवाय डीजीसीएने मान्यता दिलेली आणखी काही केंद्रं आहेत, त्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. बरेच प्रोग्रॅम निवड झाल्यावर क्लास १ मागतात. तुम्ही निवडीच्या आधीच काढून ठेवा. कमर्शियल लायसन्स क्लास १ शिवाय मिळतच नाही, आणि हे काय निघेल ते कोणत्याही गुणवत्तेवर अवलंबून नाही. माझ्या बॅचचा एक मुलगा निवडीत आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. रंगांच्या ठिपक्यांतले आकडे ओळखायच्या चाचणीत त्याला लाल-हिरव्यातला फरक धडपणे दिसला नाही. त्याला स्वतःलाच तोवर माहीत नव्हतं.

दीडच्या नंबरची काळजी करू नका. चष्मा लावून नजर पूर्ण होत असेल तर चालतं, फक्त लायसन्सवर चष्म्याची अट येते आणि उडताना दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागतो. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांत काही कमी-जास्त निघालं तर तात्पुरतं अनफिट लिहितात. ते सुधारून परत जाता येतं. घाबरण्यासारखं नाही, पण वेळ जातो.

आता नोकरीचं. कॅडेट प्रोग्रॅममध्ये निवड झाली की कंपनीचं पत्र मिळतं. त्यात लिहिलेलं असतं की प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे पूर्ण केलं, सगळ्या परीक्षा आणि चेक (उड्डाणाच्या चाचण्या) ठरलेल्या प्रयत्नांत पास केले, मेडिकल टिकलं, तर आम्ही तुम्हाला घेऊ. आणि बहुतेक ठिकाणी पुढे एक ओळ असते, त्या वेळच्या कंपनीच्या गरजेनुसार. ही ओळ तीनदा वाचा. पत्राला किंमत आहेच, नुसतं लायसन्स हातात घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा खूपच आहे. पण त्याला नेमणूकपत्र समजून घराची कागदपत्रं बँकेत नेऊ नका.

क्रम साधारण असा: अर्ज, ऑनलाइन परीक्षा, कल चाचणी, गटचर्चा, मुलाखत. मग ग्राउंड स्कूल (वर्गातला अभ्यास) आणि डीजीसीएचे पेपर. मग भारतात किंवा परदेशात उड्डाण. परदेशात केलं तर परत येऊन लायसन्सचं डीजीसीएकडे कन्व्हर्जन, म्हणजे ते भारतीय लायसन्समध्ये बदलून घेणं. शेवटी टाइप रेटिंग, म्हणजे ज्या जातीचं विमान उडवणार त्याचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण. सगळं सुरळीत गेलं तर दीड-दोन वर्षं, आणि सुरळीत कधीच जात नाही हे धरून चाला. हवामान, विमानाची देखभाल, परीक्षेच्या तारखा, कशानेही महिने लांबतात.

---

वजाबाकी | १० जून, सकाळी ७:२०

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्ज विभागात होतो. पैशांचं मी लिहितो.

एक कोटी रुपये, साडेदहा टक्के, दहा वर्षं, असं धरू. हप्ता येतो सुमारे १ लाख ३५ हजार. हे झालं प्रशिक्षण संपल्या दिवशी एक कोटीच बाकी आहेत असं मानून. प्रत्यक्षात शिकत असतानाही व्याज चढत असतं. पूर्ण रक्कम उचलली असेल तर महिन्याला साडेसत्त्याऐंशी हजार. ते चढलेलं व्याज मुद्दलात मिळवून बाकी १ कोटी २० लाख झाली तर तोच हप्ता १ लाख ६२ हजारांवर जातो. म्हणून तुम्ही दोघं कमावते असाल तर शिकण्याच्या काळात निदान व्याज तरी दरमहा भरत राहा. कर्ज फीच्या टप्प्यांनुसार उचला, एकदम नको.

मुलीला नोकरी लागायला एक वर्ष उशीर झाला तर हप्ता कोण भरणार, हे आज कागदावर लिहा. "बघू तेव्हा" हे उत्तर चालणार नाही. मी अशा फायली पाहिल्यात. मुलं हुशार होती, लायसन्स हातात होतं, पण भरती थांबलेली होती आणि जामीनदार वडील निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

फी डॉलरमध्ये असेल तर पुढच्या दोन वर्षांत रुपया घसरेल हे धरून दहा टक्के तरी जादा मंजूर करून घ्या, उचलले नाहीत तर व्याज लागत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पैसे गेले तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जात नाही. स्वतःच्या खिशातून वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवले तर कापला जातो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकराची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि मुलीच्या नावाने कर्जाइतका मुदत विमा आधी काढा. हे लिहायला कठीण जातं, पण काढाच.

---

धावपट्टी२७ | १० जून, दुपारी १:०५

मी विरुद्ध बाजू मांडतो. माझा मुलगा साध्या मार्गाने गेला. पुण्यात ग्राउंड क्लास, बारामतीला उड्डाण, दोनशे तास पूर्ण, मग लायसन्स. खर्च कॅडेटच्या साधारण निम्मा. टाइप रेटिंगचे पैसे त्याने नोकरीची चिन्हं दिसल्यावरच घातले. कॅडेट प्रोग्रॅमवाले वरचे तीस-चाळीस लाख कशाचे घेतात? कंपनीच्या शिक्क्याचे. आणि शिक्का मारणारी कंपनीच बंद पडली तर? किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. साध्या मार्गाने गेलेला मुलगा कोणाच्याही दारात उभा राहू शकतो.

शिवाय टप्प्याटप्प्याने जाता येतं. पेपर पास झाले नाहीत तर लाख-दीड लाखांत कळतं की हे आपलं काम नाही. कॅडेटमध्ये तोवर पहिला मोठा हप्ता गेलेला असतो.

---

उजवी_सीट | १० जून, रात्री १०:३०

धावपट्टी काका, तुमचा टप्प्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कंपन्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या नावाने शिकणारी मुलं अडकली, हेही खरं. पण तुमचा मुलगा लायसन्स घेऊन किती काळ थांबला ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्याबरोबर आज उडणारे बरेच जण साध्या मार्गाने आलेत. त्यांतल्या काहींना चार-पाच महिन्यांत बोलावणं आलं, काहींनी तीन-तीन वर्षं काढली. त्या काळात मेडिकल चालू ठेवा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न पाहता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) चालू ठेवा, हात सुटू नये म्हणून उडत राहा, सगळ्याला पैसे लागतात. वरचे तीस-चाळीस लाख त्या थांबण्याच्या बदल्यात आहेत. शिवाय पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पद्धतीने शिकवतात, त्याचा टाइप रेटिंगमध्ये फार उपयोग होतो.

माझं मत विचाराल तर, ज्या घराला एक-दोन वर्षं बिनपगाराची निभावता येतात त्यांनी साध्या मार्गाने जावं. ज्यांना निभावता येत नाहीत त्यांना कॅडेटचं पत्र जास्त उपयोगी, पण नेमकं त्यांच्याच अंगावर कर्ज मोठं असतं. हा पेच खरा आहे आणि तो माझ्याकडून सुटत नाही. म्हणून करारनामा वाचणं एवढंच हातात राहतं.

ताई, निवड झाली तर सही करण्याआधी हे लेखी विचारा. एखादा पेपर किंवा चेक दुसऱ्यांदाही राहिला तर काय? ठरलेल्या तासांपेक्षा जास्त तास लागले तर त्याचे पैसे कोणाचे? मध्येच मेडिकल गेलं तर किती परत? प्रशिक्षण पूर्ण झालं आणि कंपनीकडे जागाच नसली तर किती महिने वाट पाहायची, आणि त्या काळात दुसरीकडे अर्ज करायची मुभा आहे का? टाइप रेटिंग, राहणं, व्हिसा, कन्व्हर्जन फीमध्ये धरलंय की वेगळं? बाँड किती वर्षांचा? जो फोनवर "मॅडम, ते सगळं होतं" म्हणतो त्याला ईमेल करायला सांगा. ईमेल येत नसेल तर उत्तर मिळालं असं समजा.

---

धावपट्टी२७ | १० जून, रात्री ११:०२

दोन वर्षं थांबला. तुमचा मुद्दा पोचला.

---

सिंहगडपायथा | ११ जून, सकाळी ८:४०

मी पुण्यात डीजीसीएचे पेपर शिकवतो, नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी. निवड आणि परीक्षांबद्दल लिहितो.

डीजीसीएचे विषय: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. पासिंग सत्तर टक्के. शिवाय रेडिओवर बोलण्याचा आरटीआरचा परवाना. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडून व्हायचा. नवा भारतीय वायुयान कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, त्यानुसार ते काम डीजीसीएकडे आलं. लायसन्ससाठी एकूण दोनशे तास लागतात, त्यांत शंभर तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक म्हणून. वीस तास क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून लांब दुसरीकडे), त्यांत एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी. दहा तास इन्स्ट्रुमेंट, पाच तास रात्रीचे. वय अठरा पूर्ण हवं. स्टुडंट लायसन्स सोळाव्या वर्षीच निघतं.

पेपरला बसायला कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएकडचा नोंदणी क्रमांक लागतो आणि महाराष्ट्र बोर्डाची मुलं नेमकी इथे अडकतात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर कधी वडिलांचं नावच गायब. एका मुलीचे वडील दहावीला "ज्ञानेश्वर" आणि आधारवर "द्यानेश्वर" होते, इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराने तिचे दोन महिने गेले. म्हणून सगळी कागदपत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी विभागीय मंडळाकडून करून घ्यावी लागते. निकालाच्या सुमारास तिथे गर्दी असते, उद्याच जा.

आता निवड चाचणी. लेखी भागात अकरावी-बारावीचं फिजिक्स-मॅथ्सच असतं, पण कॅल्क्युलेटरशिवाय आणि घड्याळ लावून. वेग १२० नॉट्स (तासाला १२० नॉटिकल मैल), अंतर ४५ नॉटिकल मैल, किती वेळ? साडेबावीस मिनिटं हे कागद न घेता यायला हवं. एक अंशाने दिशा चुकली तर साठ मैलांवर एक मैल बाजूला जातो. मग ४० मैलांवर दोन मैल बाजूला असाल तर किती अंश चुकलात? तीन. तीस हजार फुटांवरून उतरायचंय, दर हजार फुटांना तीन मैल धरले तर नव्वद मैल आधी खाली यायला सुरुवात. आंघोळ करताना, बसमध्ये, भाजी निवडताना असं गणित चालू ठेवायचं.

कल चाचणी संगणकावर असते. कम्पास, अ‍ॅडाप्ट, पायलॅप्ट अशी त्यांची नावं ऐकाल. जॉयस्टिकने एक ठिपका वर्तुळात धरून ठेवायचा, त्याच वेळी कानात आकडे ऐकू येतात, ठरावीक आकडा आला की बटण दाबायचं, आणि कोपऱ्यात बेरजा चालू. मुलं बेरीज बरोबर यावी म्हणून ठिपका सोडून देतात. तसं करायचं नाही. एक बेरीज सुटली तर सुटू द्यायची, ठिपका सोडायचा नाही. कॉकपिटमध्येही आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग रेडिओ, हाच क्रम असतो.

गटचर्चेत जो सगळ्यांना गप्प करतो तो बाद होतो. जो अजिबात बोलत नाही तोही. शांत बसलेल्याला "तुला काय वाटतं" विचारणारी मुलं मी निवडून येताना पाहिली आहेत.

---

मराठीमाध्यम_सातारा | ११ जून, दुपारी ४:१०

सर, मी बारावीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात, गावच्या शाळेत. फिजिक्स चांगलं येतं पण इंग्रजी बोलताना थांबतो. माझ्यासारख्याने अर्ज करावा का? की हे फक्त कॉन्व्हेंटच्या मुलांसाठी आहे?

---

सिंहगडपायथा | ११ जून, संध्याकाळी ७:३०

अरे, नक्की कर. इंग्रजीची जी परीक्षा असते तिचे सहा स्तर आहेत आणि लायसन्सला चौथा पुरतो. चौथ्या स्तरावर उच्चार आपल्या मातीतला असला तरी चालतो. समोरच्याला समजला पाहिजे, आणि न समजल्यावर तुला नीट परत विचारता आलं पाहिजे. कंट्रोलरशी बोलण्याची भाषा तर ठरलेली असते, तीनेकशे शब्दप्रयोग आले की रोजचं काम चालतं. मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर रशियन, चिनी, अरब सगळे आपापल्या उच्चारांत बोलत असतात.

मुलाखतीसाठी मात्र आजपासून तयारी कर. रोज एक बातमी मोठ्याने वाच, मग मोबाइलवर तीच स्वतःच्या शब्दांत रेकॉर्ड कर आणि ऐक. लाज वाटेल, तरी ऐक. मनात मराठीत वाक्य जुळवून मग त्याचं इंग्रजी करायला जातोस म्हणून थांबतोस. छोटी वाक्यं बोल. माझ्याकडे मराठी माध्यमातली मुलं येतात. मेटिऑरॉलॉजीत ती पुढे असतात, कारण ढग, वारा, वळवाचा पाऊस त्यांनी शेतावर पाहिलेला असतो. क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी पावसाचा ढग, मला त्यांना समजावावा लागत नाही, फक्त नाव सांगावं लागतं.

---

उजवी_सीट | ११ जून, रात्री ११:१५

साताऱ्याच्या मित्रा, मीही मराठी माध्यमाचा. आज माझ्या शेजारी बसणाऱ्या कॅप्टनला मी कोणत्या शाळेत होतो याने काही फरक पडत नाही. चेकलिस्ट वेळेवर आणि स्वच्छ वाचली की झालं. काही लागलं तर मला निरोप टाक.

---

बिरसी_रोड | १२ जून, सकाळी ६:५५

मी गोंदियाचा. बिरसी विमानतळ माझ्या घरापासून जवळ आहे, आणि एनएफटीआय ही वैमानिक प्रशिक्षण संस्था तिथेच. सीएई कंपनी आणि विमानतळ प्राधिकरण यांची ती संस्था, इंडिगोचे कॅडेट तिथे वर्षानुवर्षं येतात. परदेशाचाच आग्रह धरणाऱ्यांनी गोंदियाही पाहावं म्हणून लिहितो.

उन्हाळ्यात इथे पहाटे अंधारातच हालचाल सुरू होते. दहानंतर जमीन तापली की छोटं विमान वर-खाली आपटायला लागतं. शिवाय गरम हवेत इंजिन आणि पंख दोघांचंही बळ कमी पडतं, धावपट्टी जास्त लागते. म्हणून सकाळचे तास सोन्याचे. पावसाळ्यात ढग खाली आले की मुलं दिवसचे दिवस हँगरमध्ये पुस्तक घेऊन बसतात. हिवाळ्यात धुकं. तरी ज्याला पुढे भारतातच विमान उडवायचंय त्याने इथलं हवामान इथेच शिकलेलं बरं, असं मला वाटतं. डायमंडची डीए४० आणि दोन इंजिनांची डीए४२ अशी विमानं आहेत. पहिला सोलो (एकट्याने केलेलं उड्डाण) करून आलेल्या पोरावर बादलीने पाणी ओततात, ते पाहायला आम्ही लहानपणी कुंपणाशी उभे राहायचो.

एक गोष्ट पालकांनी विचारली नाही पण मनात असणार. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघंही गेले. इथे आठवडाभर कोणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. म्हणून कोणतीही संस्था निवडताना फी विचारता तसंच विचारा, किती विमानं प्रत्यक्ष उडताहेत, एका प्रशिक्षकाकडे किती मुलं, देखभाल स्वतःची की बाहेरची, आणि हवामान वाईट असताना "आज उडणार नाही" असं मुलाने म्हटलं तर त्याचं काय होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा, ऑफिसात नाही.

---

मोगरा_फुलला | १२ जून, सकाळी ९:३०

बिरसी_रोड, अतिशय मोलाचा प्रतिसाद.

अमरावतीचं काय झालं? एअर इंडिया तिथल्या बेलोरा विमानतळावर प्रशिक्षण संस्था काढणार असं २०२४ मध्ये वाचलं होतं, वर्षाला १८० वैमानिक म्हणे. आम्हा विदर्भवाल्यांना जवळ पडेल.

---

बिरसी_रोड | १२ जून, सकाळी १०:१०

हो, एमएडीसीबरोबरचा (महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी) प्रकल्प आहे, ३४ विमानांची घोषणा होती. बेलोऱ्याची प्रवासी सेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. प्रवेशाचं मात्र कंपनीच्या अधिकृत पानावर जे असेल तेवढंच खरं माना. मधले लोक "सीट राखून ठेवतो" म्हणत फिरताहेत, एक रुपया देऊ नका. कोणत्याही कॅडेट प्रोग्रॅममध्ये सीट राखून ठेवता येत नाही.

---

केतकी_पुणे | १२ जून, दुपारी १२:४५

गोदाकाठ ताई, सासूबाईंना सांगा, १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी कलकत्ता ते सिलचर फोकर विमान नेलं, आणि कॉकपिटमध्ये दोन्ही सीटवर बायकाच होत्या. तेव्हा हे जगात क्वचित कुठे घडत होतं. आज भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. पगार, तास, परीक्षा, सगळं सारखं. माझी बहीण उडते. पहाटे तीनला गाडी दाराशी येते, दिवाळी कधी लखनौला तर कधी कोचीला हॉटेलात. तिला हे आवडतं म्हणून निभतं. लेकीला गणवेशाचं आकर्षण आहे की या रोजच्या कामाचं, एवढं एकदा तिच्याशी शांतपणे बोला. पहाटे उठून पुन्हा पुन्हा तीच चेकलिस्ट, तेच सिम्युलेटर, दर सहा महिन्यांनी परीक्षा, वर्षाला मेडिकल, हे निवृत्तीपर्यंत.

---

सह्याद्री_९९ | १२ जून, दुपारी ३:२०

माझा मुलगा कॉमर्सचा आहे. दार बंद का?

---

सिंहगडपायथा | १२ जून, संध्याकाळी ६:०५

बंद नाही. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) बारावीचे फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय देता येतात, बरीच मुलं तसं करतात. फक्त डीजीसीएला नुसतं पास पुरत असलं तरी कॅडेट प्रोग्रॅमवाल्या कंपन्या पन्नास टक्क्यांच्या वर मागतात, तेव्हा उरकून टाकू नका. प्रत्येक कंपनीची वयोमर्यादाही वेगळी असते, ती आधी पाहा.

ज्यांना एवढं कर्ज शक्यच नाही त्यांनी महाज्योतीकडे चौकशी करावी. नागपूरच्या या संस्थेने इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा थोड्या असतात. जाहिरात आली की मुदत पटकन संपते, म्हणून त्यांचं संकेतस्थळ पाहत राहा. आणि रायबरेलीजवळ फुरसतगंजची इग्रुआ ही केंद्र सरकारची अकादमी प्रवेश परीक्षेने घेते, तिकडेही आपली मुलं फार कमी जातात. जावीत.

---

गोदाकाठ | १४ जून, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात सगळ्यांनी मिळून हा धागा वाचला, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. सौदामिनी देशमुखांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

काल लेकीचं क्लास २ झालं, कानाची चाचणी आणि ईसीजी ठीक. हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. क्लास १ साठी दिल्लीची तारीख मागितली आहे. विभागीय मंडळात पडताळणीचा अर्ज दिला. तिच्या पासपोर्टवर माझं नाव लग्नाआधीचं आहे, ते बदलायला टाकलंय. वजाबाकी काका, तुम्ही सांगितलं तसं मिस्टरांनी एक वर्ष उशिराचा हिशोब लिहून काढला. घर तारण ठेवायचं, पण गावची जमीन नाही, इथपर्यंत आमचं ठरलंय. अर्ज दोन ठिकाणी भरणार, आणि दोन्हीकडे नाही झालं तर ती पुण्यात ग्राउंड क्लासला बसेल.

एक शेवटचं. दिल्लीला मेडिकलसाठी किती दिवसांची तयारी ठेवावी? मी बरोबर जाणार आहे.

---

उजवी_सीट | १४ जून, रात्री ११:३५

ताई, तीन-चार दिवस मोकळे ठेवा. परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा, कारण एखादी चाचणी परत सांगतात. एएफसीएमई सुब्रतो पार्कला आहे, राहायला धौलाकुआं किंवा महिपालपूर जवळ पडेल. छावणीचा भाग आहे, तेव्हा तुम्हाला आत सोडतीलच असं नाही, बाहेर थांबायची तयारी ठेवा. तिने रक्ताच्या दिवशी उपाशीपोटी जायचं, आदल्या दोन रात्री नीट झोपायचं, प्रवासाच्या रात्रीनंतर थेट सकाळी जायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर कधीपासून बंद करायच्या ते तारीख देतानाच विचारा. क्लास २ चे सगळे मूळ रिपोर्ट, चष्म्याचा कागद, जुना चष्मा असेल तर तोही, आणि लहानपणी काही ऑपरेशन झालं असेल तर त्याची फाइल. फॉर्ममध्ये काही लपवायचं नाही, दमा, फिट, काहीही असो. नंतर निघालं तर लायसन्स जातं.

हिमोग्लोबिनसाठी अजून वेळ आहे ना? तारीख मिळाली की आठवडाभर आधी नाशिकलाच एकदा परत तपासून घ्या. कमीच असेल तर तारीख पुढे ढकला, तात्पुरतं अनफिट लिहून घेण्यापेक्षा ते सोपं पडतं.